विश्लेषण : माहिती आहे, कंडोमही आहे, तरी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एचआयव्हीचा धोका अधिक का?

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १२ ते १३ टक्के. पण त्या देशात २०२२ मध्ये झालेल्या अंदाजे ३१ हजार ८०० नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी सुमारे ३७ टक्के याच समाजातील आहेत. यातील तरुणांचा वाटा मोठा असल्याने गेली दोन दशके संशोधकांचे लक्ष महाविद्यालयांकडे लागले आहे. शिकणाऱ्या मुलांना एचआयव्ही कसा पसरतो हे ठाऊक असते. कंडोम कशासाठी वापरायचा हेही ठाऊक असते. तरीही अनेकांना स्वतःला धोका आहे असे वाटत नाही, आणि ज्यांना वाटतो त्यांनाही तो नेमका कुठून येतो हे नीट उमगलेले नसते. हा केवळ विद्यार्थ्यांच्या बेफिकिरीचा प्रश्न आहे, की आणखी कशाचा?

महाविद्यालयांकडे लक्ष कसे गेले?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील १९ विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रांत अन्य कारणांसाठी घेतलेले सुमारे १७ हजार रक्तनमुने नाव न नोंदवता तपासण्यात आले होते. त्यात ३० बाधित निघाले, म्हणजे हजारी दोनहून थोडे कमी. हे प्रमाण अगदीच नगण्य नव्हते, पण महाविद्यालयाचा परिसर तुलनेने सुरक्षित आहे, असा समज त्यानंतर बराच काळ टिकून राहिला.

त्याला धक्का बसला तो नॉर्थ कॅरोलायना राज्यात. एचआयव्हीची नेहमीची चाचणी तेव्हा शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधत असे. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि नेमक्या याच आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असल्याने इतरांना लागण होण्याची शक्यताही जास्त असते. या राज्याने नोव्हेंबर २००२ मध्ये वेगळी पद्धत सुरू केली. प्रतिपिंडे न सापडलेले नमुने एकत्र मिसळायचे आणि त्यात थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधायचा. अनेक नमुने एकाच वेळी तपासले जात असल्याने खर्चही आटोक्यात राहिला. ही पद्धत सुरू होताच नुकतीच लागण झालेले दोन तरुण सापडले. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही महाविद्यालयीन विद्यार्थी.

आरोग्य खात्याने मग मागच्या नोंदी चाळल्या. २००० ते २००३ या काळात राज्यातील ८४ महाविद्यालयीन तरुणांना एचआयव्हीचे निदान झाले होते. त्यातील ७३ जण कृष्णवर्णीय होते. बहुतेकांचे पुरुषांशी लैंगिक संबंध होते, काहींचे पुरुष आणि स्त्रिया दोहोंशी. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या, म्हणजे ‘सीडीसी’च्या साप्ताहिकात ऑगस्ट २००४ मध्ये याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यासाठी तरुणांच्या मुलाखती घेण्यात आल्या, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. कंडोमविना संबंध ठेवणाऱ्यांपैकीही अनेकांना आपल्याला लागण होण्याची शक्यता फारशी वाटत नव्हती. ज्यांना ती प्रत्यक्षात झाली होती, तेही त्यात होते.

या चर्चेत ‘एचबीसीयू’ हा शब्द वारंवार येतो. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली ही महाविद्यालये व विद्यापीठे. १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या अशा संस्थांना १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने वेगळी मान्यता दिली. आज त्या सुमारे शंभर आहेत आणि बहुतांश दक्षिणेत आहेत. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड, अटलांटातील मोरहाउस आणि स्पेलमन ही त्यातील नामांकित नावे. मात्र दहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी साधारण एकच अशा संस्थेत शिकतो. बाकीचे इतर महाविद्यालयांत विखुरलेले आहेत. त्यामुळे ‘कृष्णवर्णीय विद्यार्थी’ म्हणून बातम्यांत जे चित्र येते ते बरेचदा या शंभर संस्थांपुरतेच असते.

माहिती कमी पडते का?

माहिती हा येथे कच्चा दुवा नाही. १९९० च्या दशकात शिकलेल्या पिढीला तर हा विषय टाळताच येत नव्हता. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपण बाधित असल्याचे जाहीर केले. कृष्णवर्णीय समाजात तोवर ‘हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार’ अशी जी समजूत होती, तिला त्या एका पत्रकार परिषदेने हादरा दिला. त्यानंतर शाळा, चर्च, रेडिओ, रॅप गायक असे सगळेच बोलू लागले.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण दर दोन वर्षांनी होते. १९९१ मध्ये ८१.५ टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी लैंगिक अनुभव असल्याचे सांगितले होते. २०११ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांवर आले. चार किंवा अधिक जोडीदार असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास घसरले. शेवटच्या संबंधावेळी कंडोम वापरल्याचे १९९१ मध्ये ४८ टक्के मुले सांगत होती, १९९९ मध्ये ७० टक्के. पुढे हा आकडा वाढला नाही, २०११ मध्ये तो ६५ टक्के होता. तरीही तो त्या वर्षीच्या गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्तच होता. इंडियाना विद्यापीठाच्या २०१० च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही कंडोमचा वापर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजांत गोऱ्यांपेक्षा अधिक आढळला.

म्हणजे ‘ही मुले कंडोम वापरत नाहीत’ हे जे सर्रास बोलले जाते, त्याला आकड्यांचा आधार नाही. महाविद्यालयात शिरताना ही मुले कंडोमला इतरांहून अधिक सरावलेली असतात. प्रश्न पुढे काय होते हा आहे.

माहिती असणे आणि धोका ‘आपला’ वाटणे यात अंतर असते, ही बाब आरोग्यशास्त्राला नवी नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी मोफत एक्स-रेची सोय असूनही लोक तपासणीला का येत नाहीत, याचा शोध सरकारी आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी घेतला. लोकांना आजार माहीत होता, पण तो आपल्याला होईल असे वाटत नव्हते. त्यातूनच ‘आरोग्य-श्रद्धा प्रारूप’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी उभी राहिली. कंडोमवरचे बहुतेक विद्यार्थी-अभ्यास आजही तिचाच आधार घेतात. आज महाविद्यालयात असलेली पिढी तर एचआयव्हीवर प्रभावी गोळ्या आल्यानंतर बरीच वर्षांनी जन्मलेली. एड्सने खंगलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी हा आजी-आजोबांच्या काळातला, किंवा ‘तसल्या’ लोकांचा आजार आहे. शिवाय धोक्याचा अंदाज बांधताना बहुतेक जण जोडीदार दिसतो कसा, कुठल्या घरातला आहे, अभ्यासात कसा आहे हे पाहतात. विषाणू यातले काहीच पाहत नाही.

कंडोमबद्दल नेमकी अढी कसली?

‘कंडोमविषयीचा दृष्टिकोन’ ही एकच गोष्ट नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९९४ मध्ये तयार झालेली मोजपट्टी या दृष्टिकोनाचे पाच भाग करते. कंडोम कितपत भरवशाचा वाटतो, त्याने सुखात कितपत बाधा येते, तो वापरणाऱ्याविषयी लोक काय समजतात, जोडीदाराशी त्याविषयी बोलताना किती संकोच वाटतो आणि दुकानात जाऊन विकत घेताना किती. या पाच गोष्टी एकमेकींबरोबर वरखाली होतातच असे नाही. एखाद्या मुलाचा कंडोमवर पूर्ण विश्वास असतो, पण औषधाच्या दुकानात काउंटरवर तो ठेवताना त्याला घाम फुटतो. एखादी मुलगी तो निःसंकोच विकत घेते, पण ऐन वेळी तोंडातून शब्द निघत नाही. ‘तुमचा दृष्टिकोन चांगला की वाईट’ असे एकाच प्रश्नात विचारले, तर दोघांच्याही अडचणी दिसत नाहीत.

यातील सर्वांत चिवट अडचण विश्वासाची आहे. नव्या ओळखीत कंडोम सहज वापरला जातो. ओळख वाढली, ‘आमचं आता पक्कं आहे’ असे म्हणायची वेळ आली की तो बाजूला पडतो. ते नाते तुटते, नवे जुळते, कंडोम परत येतो आणि काही आठवड्यांत पुन्हा जातो. लेटन कू, फ्रेया सोनेनस्टाइन आणि जोसेफ प्लेक या संशोधकांनी १९९४ मध्ये तरुणांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून हे दाखवले आणि त्याला करवतीच्या दातांची उपमा दिली. वापर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दोन नात्यांच्या मध्ये चाचणी झालेली नसेल, तर प्रत्येक उतारावर मागच्या नात्याचा धोका पुढच्या नात्यात येतो. आपण एकनिष्ठ आहोत असे या तरुणाला वाटते आणि ते खोटेही नसते. तो एका वेळी एकाच व्यक्तीशी एकनिष्ठ असतो, एवढेच. पण त्या दोघांपैकी कुणाचीही चाचणी झालेली नसते.

पक्क्या नात्यात अचानक कंडोम मागायचा, तर त्याचे दोनच अर्थ लावले जातात. माझा तुझ्यावर विश्वास नाही, किंवा तू माझ्यावर ठेवू नकोस. मुलगी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर कंडोमची गरजच संपली असे दोघेही धरून चालतात. कारण बहुतेक जोडप्यांच्या मनात कंडोम हे गर्भधारणा टाळण्याचे साधन असते, रोग टाळण्याचे नंतर.

एचबीसीयू परिसरात याला आणखी एक पदर आहे. तेथील विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे. आपल्याच समाजातला, शिकणारा मुलगा हवा असेल तर निवडीला वाव कमी आणि हे मुलांनाही चांगले ठाऊक. या विषम प्रमाणाचा एचआयव्हीच्या धोक्याशी संबंध तपासणारा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेळी अनेक मैत्रिणी असलेला मुलगा मुलींना चालवून घ्यावा लागतो आणि कंडोमचा निर्णय बरेचदा त्याच्याच मर्जीवर राहतो, असे चित्र त्यातून पुढे आले. ‘नाही म्हणायला शिका’ असे भिंतीवरचे पोस्टर अशा मुलीला सांगते. नाही म्हटल्यावर तो दुसरीकडे जाईल, ही तिची भीती त्या पोस्टरने जात नाही.

वर्तन तेच, तरी लागण जास्त कशी?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हा आहे. ग्रेगरी मिलेट आणि सहकाऱ्यांनी समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवरील आधीच्या अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याहून मोठे विश्लेषण आले. कृष्णवर्णीय पुरुष इतरांपेक्षा अधिक धोकादायक वागतात, असे दोन्हींत आढळले नाही. उलट काही बाबतींत ते अधिक सावध होते. तरीही त्यांच्यात लागण कितीतरी जास्त होती. डेनिस हॉलफर्स यांच्या गटाने २००७ मध्ये तरुणांच्या राष्ट्रीय आकडेवारीतून असेच काही दाखवले. गोऱ्या तरुणांत एचआयव्ही वा इतर लैंगिक आजारांचा धोका वाढतो तो वर्तन धोक्याचे असेल तेव्हा. कृष्णवर्णीय तरुणांत मात्र वर्तन अगदी सर्वसाधारण असले तरी धोका मोठाच राहतो.

याचे गणित अवघड नाही. समजा दोन विद्यार्थी आहेत. दोघांनाही वर्षात दोन जोडीदार, दोघेही दहापैकी आठ वेळा कंडोम वापरतात. पहिल्याच्या ओळखीच्या वर्तुळात शंभरात एक बाधित आहे, दुसऱ्याच्या वर्तुळात शंभरात वीस. पहिल्याची एखादी चूक बहुधा पचून जाते, दुसऱ्याची तशी जात नाही. वागणे तेच, पण एकाच चुकीची किंमत अनेक पटींनी वेगळी. हे उदाहरण कल्पित असले, तरी प्रत्यक्षातील आकडे त्यापासून दूर नाहीत. सीडीसीने २००८ मध्ये २१ शहरांत समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची तपासणी केली. त्यात कृष्णवर्णीयांपैकी २८ टक्के बाधित निघाले, गोऱ्यांपैकी १६ टक्के. आणि बाधित कृष्णवर्णीयांपैकी ५९ टक्के पुरुषांना आपण बाधित आहोत हे तपासणीआधी माहीतच नव्हते.

हे वर्तुळ असे का झाले, याचे उत्तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील डॉ. अडाओरा अडिमोरा यांनी आयुष्यभर शोधले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे असे की, व्यक्तीच्या सवयी पाहून भागणार नाही, नात्यांचे जाळे पाहायला हवे. वस्त्या वर्णावर विभागलेल्या, त्यामुळे जोडीदार त्याच समाजातला. तुरुंगात जाणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण प्रचंड, त्यामुळे नाती तुटतात, पुरुष कमी पडतात आणि एकाच काळात अनेक नाती चालतात. अशा दाट, बंदिस्त जाळ्यात एकदा शिरलेला विषाणू वेगाने फिरतो. त्यात डॉक्टर दूर आणि विमा नाही, म्हणून बाधितांवरील उपचार उशिरा सुरू होतात. औषधाने विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली आले, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. मात्र उपचारच सुरू नसतील, तर हा फायदा त्या वर्तुळाला मिळत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी या जाळ्याच्या बाहेर नसतात. वसतिगृहात राहिले तरी सुटीत ते घरी, जुन्या मित्रांत जातातच. नॉर्थ कॅरोलायनातही विद्यार्थ्यांचे जोडीदार सगळे विद्यार्थीच नव्हते.

सीडीसीने २०१६ मध्ये एक अंदाज मांडला होता. तेव्हाचा वेग कायम राहिला असता, तर समलिंगी संबंध ठेवणाऱ्या दोन कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी एचआयव्हीचे निदान झाले असते. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण अकरात एक होते.

टस्कीगीची सावली अजून आहे का?

अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. गरीब, बहुतांश शेतमजूर असलेले सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजार काय आहे ते सांगितले गेले नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाल्यावरही तो दिला गेला नाही. आजार माणसाला कसा संपवतो ते पाहायचे होते. १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांच्या बातमीने हे उघड झाले तेव्हा अभ्यास ४० वर्षे चालू होता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मे १९९७ मध्ये माफी मागितली. या पुरुषांना सिफिलिस टोचला गेला, अशी एक चुकीची समजूत आजही आढळते. तसे झाले नव्हते. जे झाले ते पुरेसे वाईट होते. आणि या अभ्यासात सहभागी असलेली टस्कीगी इन्स्टिट्यूट ही स्वतः एक एचबीसीयू होती.

या इतिहासाचा कंडोमशी काय संबंध? लॉरा बोगार्ट आणि शेरिल थॉरबर्न यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात १५ ते ४४ वयोगटातील ५०० आफ्रिकन-अमेरिकनांशी फोनवरून संवाद साधला. जवळपास निम्म्यांना एचआयव्ही हा मानवनिर्मित विषाणू वाटत होता. निम्म्याहून अधिक म्हणाले की एड्स बरा करणारे औषध आहे, पण ते गरिबांपासून लपवले जाते. सुमारे १५ टक्क्यांना हा कृष्णवर्णीयांच्या वंशसंहाराचा डाव वाटत होता. पुरुषांमध्ये असा संशय जितका पक्का, तितकी कंडोमबद्दलची नावड जास्त आणि नियमित वापर कमी, असे त्यात दिसले.

हे अडाणीपण म्हणून सोडून देता येत नाही. सरकारी आरोग्य खाते कंडोम वाटते, तेव्हा ‘आमची मुले कमी व्हावीत म्हणून तर नाही ना’ अशी शंका ज्या समाजाच्या मनात येते, त्या समाजाला ४० वर्षे फसवले गेल्याचा लेखी पुरावा आहे. आपल्याकडेही आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीनंतर कुटुंब नियोजनाकडे लोक अनेक वर्षे संशयाने पाहत होते. विश्वास उडायला एक प्रकरण पुरते.

‘छुपे संबंध’ हे खरे कारण?

२००३-०४ मध्ये अमेरिकी माध्यमांत ‘डाउन लो’ या शब्दाने धुमाकूळ घातला. घरी बायको वा मैत्रीण, बाहेर गुपचूप पुरुषांशी संबंध. असे कृष्णवर्णीय पुरुषच स्त्रियांना एचआयव्ही देतात, असा सूर होता. जे. एल. किंग यांचे पुस्तक गाजले, ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात चर्चा झाली. असे पुरुष असतात, आणि ते काही एकाच वर्णात नसतात. पण कृष्णवर्णीय स्त्रियांमधील साथीचे मुख्य कारण तेच, हे संशोधनात टिकले नाही. नुकसान मात्र झाले. महाविद्यालयांत मुलींनी मुलांकडे संशयाने पाहायचे आणि समलिंगी मुलांनी आणखी लपायचे. लपणारा चाचणीला येत नाही. अनेक एचबीसीयूंची मुळे चर्चमध्ये आहेत. तेथे ही भीती अधिक गडद होती.

उपाय कशाने होतो?

भीती दाखवून फारसे काही साधत नाही, सराव करून घेतल्याने साधते. जॉन आणि लोरेटा जेमॉट या दाम्पत्याने फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांसह केलेले काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘संबंधच ठेवू नका’ असे सांगणारा आणि सुरक्षित संबंधांचे शिक्षण देणारा, असे दोन कार्यक्रम त्यात पडताळून पाहिले गेले. लैंगिक अनुभव आधीच असलेल्या मुलांमध्ये दुसरा अधिक उपयोगी ठरला. राल्फ डिक्लेमेंटे आणि जिना विंगुड यांनी अलाबामातील ५२२ कृष्णवर्णीय मुलींवर केलेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कंडोमची माहिती होतीच, पण भर होता तो स्वाभिमानावर, चांगले नाते कसे असते यावर आणि जोडीदाराशी बोलायचे कसे याच्या प्रत्यक्ष सरावावर. त्या मुलींचा कंडोमचा नियमित वापर वाढला. कंडोम नियमित वापरल्यास स्त्री-पुरुष संबंधांत एचआयव्हीचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. कळीचा शब्द ‘नियमित’ हाच.

दुसरे साधन ‘प्रेप’. लागण होऊ नये म्हणून बाधित नसलेल्यांनी घ्यायची ही गोळी अमेरिकेत जुलै २०१२ पासून उपलब्ध आहे. जोडीदाराला न विचारता, न सांगता घेता येणारे हे साधन कंडोमभोवतीची बरीच कोंडी टाळते. पण ते पोहोचले कुणापर्यंत? सीडीसीच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार, प्रेपचा फायदा होऊ शकेल अशा गोऱ्यांपैकी ७८ टक्क्यांना ते लिहून दिले गेले, कृष्णवर्णीयांपैकी अवघ्या ११ टक्क्यांना. ज्या वर्तुळात धोका जास्त, तिथे औषध कमी.

याचे एक कारण पैसा. गरिबांसाठीची मेडिकेड योजना विस्तारण्यास टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी यांसारख्या दक्षिणेतील राज्यांनी नकार दिला आहे. अनेक एचबीसीयू याच राज्यांत आहेत. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२३ मध्ये विस्तार लागू केला. दुसरे कारण घरगुती आहे. अमेरिकेत वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या आरोग्य विम्यात राहता येते आणि बहुतेक विद्यार्थी तसेच असतात. पण विमा वापरला की कोणती सेवा घेतली याचा तपशील विमाधारकाच्या, म्हणजे वडिलांच्या किंवा आईच्या पत्त्यावर जाऊ शकतो. आपला मुलगा प्रेप घेतो हे रविवारी चर्चला जाणाऱ्या आईला अशा टपालातून कळू नये, म्हणून मुलगा औषधच घेत नाही.

सध्या काय स्थिती आहे?

चित्र सगळे काळे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत अंदाजे ३६ हजार २०० नवे संसर्ग झाले होते. २०२२ पर्यंत त्यात १२ टक्के घट झाली. या घटीत सर्वांत मोठा वाटा १३ ते २४ वयोगटाचा. त्या वयात नवे संसर्ग ३० टक्क्यांनी कमी झाले. कृष्णवर्णीयांमध्ये १८ टक्के, तर दक्षिणेकडील राज्यांत १६ टक्के घट झाली. चाचणी, लवकर उपचार आणि प्रेप यांच्या एकत्रित प्रयत्नांचे हे फळ मानले जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीच अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणात साथ संपवण्याची घोषणा केली होती. नवे संसर्ग २०३० पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करायचे, असे लक्ष्य होते.

त्याच ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकीर्दीत, एप्रिल २०२५ मध्ये, सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातील अनेक शाखा कर्मचारी कपातीत बंद झाल्या. २०२६ या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकी प्रस्तावात तर सीडीसीचे देशांतर्गत एचआयव्ही प्रतिबंधाचे कामच थांबवण्याची सूचना होती. अंतिम निर्णय काँग्रेसच्या हाती असला, तरी राज्यांच्या आरोग्य खात्यांचे बरेचसे काम याच पैशांवर चालते. जोडीदारांचा माग काढणारे कर्मचारी आणि वसतिगृहाबाहेर उभी राहणारी चाचणीची गाडीही त्यात आली.

जून २०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. वर्षातून दोनदाच टोचून घ्यायचे ‘लेनाकापाविर’ हे प्रेप इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले. त्याची जाहीर किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक आहे. आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीने शिफारस केलेल्या प्रतिबंधक सेवा विमा कंपन्यांनी रुग्णाकडून पैसे न घेता द्याव्यात, ही तरतूद सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवली. प्रेप त्या शिफारशींत आहे. मात्र समितीवरील सदस्य नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार आरोग्यमंत्र्यांकडेच असल्याचेही याच निकालाने स्पष्ट केले. वसतिगृहातील विद्यार्थ्याला हे इंजेक्शन मोफत मिळाले, तरी त्याआधी चाचणी करून घ्यावी लागेल, डॉक्टरला आपले संबंध कुणाशी आहेत ते सांगावे लागेल, आणि विम्याचा तपशील कुणाच्या घरी जाणार हा प्रश्न उरेलच.